बाहेर हो

"बाहेर हो!"

मी ओरडले, तेही चक्क मराठीत. जपानच्या नागानो प्रांतातल्या एका सरकारी शाळेत, आपल्या आठवीच्या वयाच्या पस्तीस मुलांसमोर. नोव्हेंबर होता. वर्गात रॉकेलचा स्टोव्ह पेटवलेला आणि फळ्यावर माझ्याच अक्षरात 'मस्ट' आणि 'मस्ट नॉट'.

मी तिथे एएलटी, म्हणजे इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका होते. 1987 पासून सुरू असलेल्या जेट कार्यक्रमातून दरवर्षी परदेशी माणसं अशी जपानी शाळांमध्ये येतात. वर्ग मुख्य जपानी शिक्षिकेचा असतो. आपण उच्चार करून दाखवायचे, खेळ घ्यायचे, हसतमुख राहायचं. शिस्त आपल्याकडे नसते. हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. पण त्याआधी चार वर्षं मी पुण्यात शिकवलं होतं, ती सवय मानेत नसते, घशात असते.

खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरचा मुलगा उन्हाळ्यापासून माझ्या तासाला डोकं खाली घालून पडायचा. झोपणारी मुलं तिकडे नवी नाहीत. बेसबॉलचा सराव पहाटेच सुरू व्हायचा, त्यामुळे शिक्षकही काणाडोळा करायचे. त्या दिवशी मी त्याच्या बाकावर बोटांनी टकटक केलं आणि कागद पुढे सरकवला. त्याने तो तितक्याच शांतपणे बाकाच्या कडेवरून खाली ढकलला. मी उचलून परत ठेवला. त्याने परत ढकलला.

"कान्केई नाई," तो म्हणाला. माझा काय संबंध. यातल्या 'नाई'चा अर्थ मराठी माणसाला शिकवावा लागत नाही.

पुण्यात एव्हाना निम्मा वर्ग फिदीफिदी हसला असता आणि मला चिडायला एक रीतसर निमित्त मिळालं असतं. इथे पस्तीसच्या पस्तीस मुलं आपापल्या वहीत बघत होती. स्टोव्हवरच्या किटलीचा आवाज तेवढा येत होता. त्या शांततेनेच माझा तोल गेला असं मला अजून वाटतं. मी दाराकडे बोट केलं आणि ओरडले.

आपल्याकडे 'बाहेर हो' म्हटलं की मूल दाराबाहेर भिंतीला टेकून उभं राहतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंड लपवतं. फार तर अंगठे धरतं. हा उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेला. दोन मिनिटांनी मुख्य शिक्षिकेने दार उघडून पाहिलं, तर कॉरिडॉर रिकामा.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तेव्हा मला कळलं, मी काय केलंय ते. प्राथमिकची सहा अधिक त्यापुढची तीन अशी नऊ वर्षं सक्तीचं शिक्षण. त्या काळात मुलाला शिक्षा म्हणून वर्गाबाहेर काढून शिकण्यापासून तोडणं तिथे चालत नाही. मारण्यावर तर 1947 च्या शालेय शिक्षण कायद्यानेच बंदी आहे. आणि मी धड शिक्षिकाही नव्हते, साहाय्यक होते.

पुढच्या पाच मिनिटांत तास नसलेले सगळे शिक्षक शोधायला निघाले. मी खिडकीतून खाली पाहिलं. उपमुख्याध्यापक मैदानातून धावत होते, पायात शाळेच्या आतल्या सपाता. ज्या देशात उंबऱ्यावर चप्पल बदलल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही, तिथे एक साठीला आलेला माणूस आतल्या सपातांनिशी चिखलातून पळत होता. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

मुलगा जिमखान्यामागच्या सामानाच्या खोलीत सापडला, गाद्यांच्या ढिगावर बसलेला. अर्ध्या तासात सगळं मिटलं. का गेलास, कागद का टाकलास, असं कुणी विचारल्याचं मला तरी दिसलं नाही. हे बरोबर की चूक, ते मला आजही ठरवता येत नाही. आपण कारण उकरून काढल्याशिवाय सोडत नाही, निदान ते तरी केलं असतं. जेवणाच्या वेळी पांढरे एप्रन घातलेल्या मुलांनी त्याचं ताट आधीच वाढून ठेवलं होतं. जपानी लोक ज्याला करी म्हणतात ती करी, भात आणि दूध.

मी माफी मागायला गेले तर मुख्य शिक्षिकाच कमरेत वाकली. "मी तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं." उपमुख्याध्यापक बाहेरच्या पायरीवर बसून ओल्या फडक्याने सपातांचे तळवे पुसत होते, मान वर करून "थंडी वाढली, नाही?" एवढंच म्हणाले. संध्याकाळी वर्गशिक्षक मुलाच्या घरी जाऊन आले. मीही येते म्हटलं, तर हे काम वर्गशिक्षकाचं, असं सौम्यपणे सांगितलं गेलं. रात्री ते परतले तेव्हा हातात सफरचंदांची पिशवी होती, मुलाच्या आजीने दिलेली. दोन माझ्या टेबलावर ठेवली.

नंतरही तो माझ्या तासाला डोकं खाली घालूनच असायचा. कागद मात्र बाकावर राहायचा, कोरा.

दोन आठवड्यांनी, साफसफाईच्या वेळी, मी जिन्याजवळून जात होते. मुलंच शाळा झाडतात-पुसतात. हा गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होता आणि त्याचे दोन मित्र नेमके ओल्यावर उभे.

"बाहेरु हो!" तो त्यांच्यावर खेकसला.

अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता. मी थांबले. "रु नाही. र. बाहेर."

"बाहेरु."

"बाहेर."

त्याने फडकं बादलीत पिळलं आणि माझ्या पायांकडे बघत राहिला. मी उभी होते तेवढीच फरशी पुसायची राहिली होती.

मी बाहेर झाले.