होडीतला पीळ

होडी बांधायला घेतली तेव्हा मी सगळ्यात आधी माप घेतलं ते शेडच्या दाराचं. दार तीन फूट, होडी रुंदीला चार फूट. पण कडेवर उभी केली तर दीडच फूट, म्हणजे सुटते बाहेर. हौसेने घरात होडी बांधली आणि मग भिंत फोडून बाहेर काढली, असे किस्से बरेच ऐकले होते. तेवढी चूक मी टाळली. बाकीच्या चुका आता सांगतो.

मला हवं होतं ते साधंच: शांत पाण्यात दोघांनी बसून गळ टाकता येईल, मासा लागल्यावर उभं राहिलं तरी कलंडणार नाही आणि दोन माणसांना उचलून पाण्यापर्यंत नेता येईल अशी होडी. उभं राहायचं म्हटलं की तळ सपाट हवा. सपाट तळ लाटांवर आपटतो, पण संथ पाण्यात फळीवर उभं राहिल्यासारखा आधार देतो. बारा फूट लांबी, चार फूट रुंदी, टोकदार नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आणि मागे सपाट फळी असा एक तयार आराखडा घेतला. तीन पानांचा. ही तीन पानं लक्षात ठेवा.

फळ्यांची पारंपरिक होडी बांधायची तर लाकूड ओळखणारा हात लागतो, तो माझ्याकडे नाही. म्हणून प्लायचे तुकडे कापून, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांधे इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने, भरायचे, ही पद्धत निवडली. ती घराघरांत पोचवली १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या ‘मिरर’ नावाच्या छोट्या शिडाच्या होडीने. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांचा तो आराखडा. घरी सुटे भाग आणून जोडायची ही होडी जेमतेम अकरा फुटांची, पण पुढे ती सत्तर हजारांवर बनली. एवढ्या लोकांना जमलं म्हणजे मलाही जमेल, हा माझा हिशोब. हिशोब बरोबर होता, फक्त सोपा नव्हता.

आधी पुठ्ठ्याचं एक दशांश मापाचं मॉडेल केलं. दीड वीतभर लांबीची होडी. हे कुणीही टाळू नये. कागदावर बाजूची फळी केळ्यासारखी वाकडी दिसते आणि आपल्याला वाटतं, छापताना चुकलं. पुठ्ठा कापून चिकटपट्टीने जोडला की तीच वाकडी फळी गोल फिरून सरळ कड देते. तोवर माझा विश्वास बसत नव्हता.

प्लाय मरीनच, म्हणजे पाण्यात टिकणारा, घेतला, बाजूंना ६ मिलिमीटर आणि तळाला ९, प्रत्येकी दोन शीट. नुसत्या शिक्क्यावर जायचं नाही. शीटची कड नीट बघायची. आतल्या थरांत फट दिसली तर पाणी तिथेच साठून लाकूड आतून कुजतं, वरून कितीही रंग द्या. मी एक तुकडा कापून तासभर उकळला, वाळवला, पुन्हा उकळला. थर सुटले नाहीत.

शीट आठ फुटांची आणि होडी बारा फुटांची, म्हणजे जोड आलाच. दोन्ही शीटच्या टोकांना जाडीच्या आठपट उतार काढायचा आणि उतारावर उतार चिकटवायचा. ६ मिलिमीटरला ४८, ९ ला ७२. कामात मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. शीट पायऱ्यांसारख्या एकावर एक रचल्या, खाली सरळ फळी, वर रंधा. रंधा चालायला लागला की प्लायचे थर आडव्या पट्ट्यांसारखे उघडे पडतात, फिकट, गडद, फिकट. उतार बरोबर असेल तर त्या पट्ट्या वहीतल्या रेघांसारख्या समांतर दिसतात. जिथे जास्त खाल्लं तिथे पट्टी पोटासारखी फुगते. वेगळं माप घ्यायलाच नको, प्लाय स्वतःच चूक दाखवतो. दोन संध्याकाळी त्या पट्ट्या सरळ करण्यात गेल्या. पात्याला चारदा धार लावली, कारण प्लायमधला डिंक धार खाऊन टाकतो.

मग आखणी. आराखड्यात दर फुटाला एक बिंदू दिलेला असतो. प्रत्येक बिंदूवर बारीक खिळा ठोकायचा, खिळ्यांना टेकवून लाकडाची लवचिक पट्टी वाकवायची आणि पट्टीच्या कडेने पेन्सिल ओढायची. पण ओढण्याआधी जमिनीलगत डोळा लावून पट्टीवरून नजर टाकायची. माझ्या पाचव्या खिळ्यापाशी पट्टीला कुबड आलं होतं. आकडा तपासला, आकडा बरोबर. खिळा दोन मिलिमीटर चुकला होता. बोट फिरवून हे कळत नाही, नजरेला मात्र लगेच खटकतं.

कापायला जिगसॉने एक दुपार पुरली. दोन्ही बाजू एकावर एक ठेवून एकदमच कापल्या, म्हणजे चुकल्या तरी सारख्या चुकतील. कडेपासून सेंटिमीटरभर आत, दर पंधरा सेंटिमीटरला भोक, त्यातून तार, आणि पकडीने पीळ. सकाळी शेडमध्ये सपाट लाकडं पडली होती, दुपारी तीनला तिथे होडी उभी होती. शेजारपाजारचे बघून गेले. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, झालीच की!” मलाही तसंच वाटलं. प्रत्यक्षात त्या दिवशी काम पंचवीस टक्केही झालं नव्हतं.

आणि तिथेच मी घाई केली. कोपऱ्यातलं अंतर मोजलं, कर्ण मोजले, दोन्ही सारखे आले. म्हटलं, होडी काटकोनात आहे. तारांच्या मधल्या जागांत इपॉक्सीचे ठिपके भरून सांधे पक्के केले आणि झोपायला गेलो. दुसऱ्या दिवशी भाऊ नाळेकडून बघत म्हणाला, “दादा, ही मागची फळी उजवीकडे झुकलीय का रे?” मी म्हटलं, तुझं डोकं झुकलंय.

तरी दोन सरळ पट्ट्या आणल्या. एक नाळेजवळ दोन्ही कडांवर आडवी ठेवली, एक मागे. चार पावलं लांब जाऊन वाकलो आणि पुढच्या पट्टीवरून मागची पाहिली. दोन्हींच्या कडा एका रेषेत दिसायला हव्या होत्या. मागची पट्टी एका टोकाला दीड सेंटिमीटर वर. होडीला पीळ बसला होता. कर्ण सारखे असतानाही पीळ बसू शकतो, कारण कर्णाला फक्त आडवा तिरपेपणा कळतो, उभा नाही. कारण शोधायला वेळ लागला नाही. शेडच्या जमिनीला पाणी वाहून जायला उतार आहे. होडी ज्या लाकडी घोड्यांवर, म्हणजे तिवयांवर, ठेवली होती त्यांवर पाणसळ ठेवायचं मला सुचलंच नव्हतं.

मग हीट गनने मागच्या कोपऱ्यांतले ठिपके तापवले. इपॉक्सी गरम झालं की मऊ पडतं, त्यावर करवतीचं पातं फिरवून सांधे मोकळे केले. घोड्यांखाली पाचरी मारून पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला. वर चढलेला कोपरा खाली ओढायचा होता, म्हणून त्याला दोरी बांधून ती समोरच्या घोड्याच्या पायाशी नेली, दोरीत काठी घातली आणि काठी पिळत गेलो. पिळानेच पीळ काढला म्हणायचा. भाऊ लांबून पट्ट्या बघत ओरडत होता, “अजून, अजून, बस!” तीन मिलिमीटर उरले. त्यापुढे प्लाय कुरकुरायला लागला, तेव्हा मी थांबलो.

इपॉक्सीचं वेगळंच तंत्र आहे. हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारा दुसरा भाग, जास्त घातला की लवकर सुकेल असं नाही, उलट कच्चं राहतं. डब्यावर दिलेलं प्रमाण तंतोतंत पाळायचं. मी वजनकाटा वापरला, पण आधी प्रमाण वजनाचं दिलंय की आकारमानाचं ते वाचून घेतलं, दोन्ही वेगळं असतं. एकदा अर्धा लिटर एकदम कालवलं आणि खोल डब्यात तसंच ठेवून फोन घेतला. परत येतो तर डब्यातून धूर. मिश्रण स्वतःच्या उष्णतेने तापत जातं, खोल भांड्यात ती उष्णता अडकते. तेव्हापासून थोडं थोडं, आणि पसरट ताटलीत. सांध्यांत भरायला त्यात लाकडाची बारीक पूड आणि सिलिका मिसळली, पुट्टीइतकी घट्ट, चमचा उलटा धरला तरी ओघळणार नाही अशी. गोल टोकाची पट्टी एकाच दमात ओढली की सांधा गुळगुळीत. अडखळत ओढली तर नंतर तासाभराचा पॉलिश पेपर. हातमोजे सदैव. या रसायनाची अॅलर्जी एकदा जडली की ती जात नाही.

सांध्यांवर फायबरच्या कापडाची पट्टी आणि बाहेरून सगळ्या तळावर चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारं तेच कापड. कोरडं कापड पांढरंशुभ्र असतं, इपॉक्सी शिरलं की दिसेनासं होतं आणि खाली लाकडाच्या रेषा उमटतात. पांढरा डाग राहिला म्हणजे तिथे कापड उपाशी आहे. माझ्या पहिल्या लेपाला मात्र बारीक बुडबुडे आले. सकाळी लावला होता. ऊन चढलं तसं लाकूड तापलं, आतली हवा फुगली आणि ओल्या लेपातून बाहेर पडली. लेप संध्याकाळी लावायचा, लाकूड थंड होत असताना, म्हणजे तीच हवा आकसून इपॉक्सीला आत ओढते. शिवाय सुकलेल्या थरावर मेणचट साय येते, ती पाण्याने घासून धुवायची आणि मगच पॉलिश पेपर लावायचा. नाहीतर पेपर लगेच बुजतो आणि पुढचा थर धरत नाही.

पॉलिश पेपरबद्दल बोलायलाच नको. मास्क लावून तीन आठवडे.

वरच्या कडेला दोन पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवल्या, कारण जाड पट्टी नाळेपाशी वाकताना कडाडून तुटली. घरातले सगळे शिकंजे लावले, शेजाऱ्यांचे आणले, शेवटी उरलेल्या जागी दोऱ्या आवळल्या. पुढची आणि मागची बैठक बंद पेट्यांसारखी केली. होडीत पाणी भरलं तरी ती बुडू नये एवढी हवा आत हवी. १०० लिटरची पेटी पाण्याखाली गेली की १०० किलोला उचलून धरते. दोन्ही पेट्यांना झाकणं ठेवली, आतली ओल काढायला. मासेमारीसाठी आतल्या भागात मुद्दाम काहीच बाहेर येऊ दिलं नाही. खिळा, कडी, बोल्ट, जे काही बाहेर येतं त्यात दोरा अडकतोच. तळाच्या ओल्या रंगावर बारीक वाळू भुरभुरली, बुळबुळीत पाण्यात पाय घसरू नये म्हणून. आतला रंग फिका राखाडी, पांढरा रंग उन्हात डोळ्यांवर येतो. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यामुळे रंग हा नुसता शोभेचा भाग नाही.

पाच महिन्यांनी वजन भरलं ६० किलो. आम्ही दोघे आणि सामान धरून २२५. म्हणजे होडीला २२५ लिटर पाणी बाजूला सारावं लागणार. पाण्याच्या रेषेशी तिचं क्षेत्र साधारण अडीच चौरस मीटर, तेव्हा सेंटिमीटरला २५ किलो, म्हणजे नऊ सेंटिमीटर बुडायला हवी. बाहेरून नऊवर चिकटपट्टी लावली. पाण्यात घातली, लाइफ जॅकेट चढवून बसलो. पट्टीवर पाणी आलं, फक्त मागे दोन बोटं जास्त, कारण भाऊ मागे बसला होता. आत थेंब नाही. हिशोब जुळल्याचा तो आनंद मला मासा लागल्याहून मोठा वाटला. मासा त्या दिवशी लागलाही नाही.

पण वल्ही मारायला लागलो आणि होडी सरळ जाईना. तीन वल्ही मारली की नाक उजवीकडे, सावरली की डावीकडे, वल्ही थांबवली की स्वतःभोवती फिरायची. भाऊ म्हणाला, “दादा, हिला घरी जायचंय.” मला मात्र ते तीन मिलिमीटर आठवले. पीळ. तो राहिलाच होता, तोच आता खेचतोय. दोन आठवडे मी त्याच विचारात होतो, तळ कापून पुन्हा करायचा का इथपर्यंत.

मग एका रात्री आराखडा पुन्हा उघडला. तिसऱ्या पानावर, कोपऱ्यात, तळाच्या मागच्या अर्ध्या भागात उभी बसवायची एक तिकोनी पाती काढलेली होती. नेमकं तेच पान मी ‘हे नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. सपाट तळाला पाण्यात धरायला काहीच नसतं, ती पाती त्याला दिशा देते. उरलेल्या तुकड्यांतून ती कापून बसवायला एक रविवार लागला. पुढच्या फेरीत भाऊ पलीकडच्या काठापर्यंत एका रेषेत घेऊन गेला आणि वळून म्हणाला, “मग पिळाचं काय?”

पीळ आहेच, तीन मिलिमीटर. दोन पट्ट्या आडव्या ठेवून पाहिलं तरच दिसतो. त्या पट्ट्या मी माळ्यावर टाकल्या आहेत.