कुपवाडच्या भंगारातल्या एचपी ९००० वर जीसीसी चढवलं, माझा अनुभव

कुपवाड एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्यातलं एचपी ९००० सिरीज ८००, म्हणजे एचपी कंपनीचं जुनं सर्व्हर, भंगारात निघालं होतं, ओळखीतनं मी ते उचललं न विश्रामबागला घरी आणलं. आई म्हणाली, हा फ्रीज आडवा का ठेवलास रे. आत एचपी-यूएक्स १०.२०, म्हणजे एचपीचं स्वतःचं युनिक्स, होतं, सिरियल केबल लावून ९६०० बॉडवर लॉगिनही आलं. पण पुढं काय, साधं बॅश, म्हणजे कमांड द्यायचा शेल, सोर्समधनं बांधायचं तरी कंपायलर लागतो. म्हणून जीसीसी, म्हणजे जीएनयूचा फुकटचा कंपायलर, चढवायचं ठरवलं.

सीसी, म्हणजे एचपीचा सी कंपायलर, होता म्हणा, पण नावापुरता. सिस्टीमसोबत येतो तो कर्नल परत लिंक करण्यापुरता दिलेला, त्याला केअँडआर, म्हणजे सी भाषेचं जुनं रूप, तेवढं कळतं, एएनएसआय, म्हणजे पुढं प्रमाण ठरलेल्या सीवाला, वेगळा विकत घ्यावा लागायचा. एएनएसआय सीसाठीचं मायनस एए ऑप्शन दिलं की वॉर्निंग ४८० टाकून गप्प पुढं जातो आणि मग पहिल्याच प्रोटोटाइपवर, म्हणजे एएनएसआय पद्धतीच्या फंक्शन घोषणेवर, आडवा पडतो.

इथं बरीच लोकं लेटेस्ट जीसीसी उतरवून बसतात आणि डोकं धरतात. ४.८ पासनं जीसीसी बांधायलाच सी प्लस प्लस लागतं, ३.४ ला निदान आयएसओ सी (तेच ते एएनएसआय) तरी पाहिजेच. म्हणून २००१ मधलं २.९५.३ घ्यायचं, ते केअँडआर सीनं बांधता येतं. तयार बायनरी मिळतात, स्विनस्टॉल या एचपीच्या इन्स्टॉलरनं टाकता येतात, पण मला स्वतः बांधायचंच होतं, हौस आपली.

त्याच्याही आधी जीएनयू मेक, म्हणजे बांधणी क्रमानं चालवणारं टूल, आणि गॅस, म्हणजे जीएनयूचा असेंबलर, बांधून घ्या, तेही त्याच काळातले जुने. गॅस नसेल तर पीए-रिस्कवर, म्हणजे या मशीनच्या प्रोसेसरवर, मायनस जी हे डीबग माहितीचं ऑप्शन चालत नाही, न बूटस्ट्रॅप (जीसीसीची फेऱ्यांत होणारी बांधणी, पुढं सांगतो) तर मायनस जी वापरतंच. लिंकर, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्राम करणारा, मात्र एचपीचाच ठेवायचा, या सिस्टीमचं सॉम हे फाईल फॉरमॅट जीएनयूच्या लिंकरला, एलडीला, येत नाही. म्हणून बांधणीआधी चालवायच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला विथ-जीएनयू-एएस एवढंच सांगायचं. सोर्स टार नावाच्या गठ्ठा फाईलीत येतो, न एचपीच्या टारला जीझिप सोडवायचं झेड ऑप्शन कळत नाही, त्यामुळं मी लिनक्सवरच जीझिप सोडवून नुसती टार फाईल एफटीपीनं पाठवली, बायनरी मोड लावून.

आणि घड्याळ! बॅटरी मेलेली असली की मशीन जुनीच तारीख धरून बसतं, मग नुकतीच बनलेली ऑब्जेक्ट फाईल, म्हणजे कंपाईल झालेला तुकडा, सोर्सपेक्षा जुनी दिसते आणि मेक तेच ते परत बांधत राहतं. आधी डेट कमांडनं तारीख लावा, मगच बाकीचं.

मग मेक बूटस्ट्रॅप. हे मला लई आवडतं. पहिल्या फेरीत एचपीचा सीसी जीसीसी बांधतो, ते जीसीसी स्वतःलाच परत बांधतं, आणि ते दुसरं तिसऱ्याला. दुसऱ्या न तिसऱ्या फेरीतल्या ऑब्जेक्ट फाईली जुळल्या तर कंपायलर भरवशाचा समजायचा, त्या सीसीत काय खोट असेल तर ती इथं बहुतेक उघडी पडते. पहिल्या फेरीत वॉर्निंग ४८० चा पाऊस पडतो, तिकडं बघू नका. वेळ मात्र जाम लागतो, मध्येच लाईट गेली तर फाईलसिस्टीम तपासण्यापासनं सगळं, त्यामुळं यूपीएस शिवाय सुरूच करू नका.

फाईली जुळल्या. बॅश आणि लेस (फाईल वाचायचं टूल) त्यावरच बांधले, चांगले चालतात. आता जीसीसी ३.३ चढवायचं बघतोय, डिस्कवर जागा पुरली तर.