सर्टिफिकेट घेण्याआधी आवृत्त्या तपासा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बऱ्याच टॉवेल कारखान्यांत ऑफिसात एक विंडोज सर्व्हर असतो आणि त्यावर एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर. स्टॉक, बिलं, कामगारांचा पगार सगळं त्यातच. गोडाऊन आणि चाटी गल्लीतलं दुकान त्यालाच जोडलेलं. ही जोडणी एन्क्रिप्ट करायचं (मधल्या कुणाला माहिती वाचता येऊ नये असं करायचं) ठरलं की पहिला फोन सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र, विकणाऱ्याला जातो. तो शेवटी करा. आधी दोन्ही टोकांवरच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या लिहून काढा.

जोडणी एन्क्रिप्ट करण्याची पद्धत म्हणजे टीएलएस. किमान टीएलएस १.२ हवं, १.० आणि १.१ हे २०२१ मध्येच अधिकृतपणे बाद झाले. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून १.२ मुळातच आहे, २०१२ आणि २०१४ ला ते अपडेट लावल्यावरच मिळतं. टीएलएस १.३ साठी किमान विंडोज सर्व्हर २०२२ आणि एसक्यूएल सर्व्हर २०२२ दोन्ही लागतात. खरं अडतं ते गोडाऊनमधल्या जुन्या संगणकांवर. बिलिंगचा प्रोग्राम ज्यावर चालतो ते मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट ४.६ च्या आधीचं असेल आणि त्याला अपडेट लावलेलं नसेल, तर सर्व्हरवर १.० बंद करताच तो जोडणं सोडतो, आणि दोष नेटवर्कला दिला जातो.

सर्टिफिकेटवर सर्व्हरचं पूर्ण डोमेन नाव हवं. प्रोग्राममध्ये जोडणीसाठी नुसता आयपी पत्ता लिहिलेला असेल तर नाव जुळत नाही आणि एरर येते. तिथेही पूर्ण नावच लिहा. ‘सर्व्हर१’ अशा घरगुती नावाला बाहेरची कंपनी सर्टिफिकेट देत नाही. त्यासाठी स्वतःची सर्टिफिकेट ऑथॉरिटी (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) उभारून तिचं रूट म्हणजे मूळ सर्टिफिकेट प्रत्येक संगणकावर टाकावं लागतं.

पुढची पायरी हमखास विसरली जाते: एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस ज्या खात्याने चालते, त्याला प्रायव्हेट की (सर्टिफिकेटसोबतची गुप्त किल्ली) वाचण्याची परवानगी द्या. नाही दिली तर रीस्टार्टनंतर सर्व्हिस उठतच नाही.

प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या ओडीबीसी ड्रायव्हरच्या १८ व्या आवृत्तीत एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, म्हणून ड्रायव्हर बदलताच ‘विश्वासार्ह नाही’ अशी एरर येते. त्यावर जोडणीच्या सेटिंगमधल्या ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ला होय करून मोकळं होणं फार चुकीचं आहे. मग समोरचा सर्व्हर आपलाच आहे का, हे कुणी तपासतच नाही. रूट सर्टिफिकेट टाका, हाच उपाय. आणि एसक्यूएल सर्व्हरचा १४३३ पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू नका; दुकानासाठी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी, सुरक्षित मार्ग) हवाच.

वीज जाऊन आल्यावर एकाच संगणकाचं कनेक्शन तुटलं तर आधी त्याची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि चांगलं सर्टिफिकेटही अवैध ठरतं.

बाहेरच्या सर्टिफिकेटची मुदत आता कमी होत चालली आहे: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२९ मध्ये त्याच तारखेपासून ४७. नवं आलं की एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये ते पुन्हा निवडावं लागतं, प्रायव्हेट की वाचण्याची परवानगी पुन्हा द्यावी लागते आणि सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. हे काम गाड्या भरायच्या वेळी काढू नका, साप्ताहिक सुट्टीला करा.