सरांचा पोट्टा

आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर अजूनही 'सरांचा पोट्टा' या नावानंच आहे. मी साठीला टेकलो, बाबांना जाऊनही अकरा वर्षं झाली, पण नाव काही बदललं नाही.

ज्या शाळेची ही स्मरणिका, तिथंच बाबा मराठी शिकवायचे आणि पाचवी ते दहावी मी त्यांच्याच शाळेत. नागपूरच्या महालातून आम्ही एकाच सायकलवर निघायचो, पण फाटकाच्या जरा अलीकडे, पानठेल्याजवळ ते मला उतरवत. तिथून पुढे ते 'सर'. एकदा भर वर्गात माझ्या तोंडून 'बाबा सर' निघालं आणि पोट्ट्यांनी ते वर्षभर पुरवलं. शुद्धलेखन चुकलं की बाकीच्यांना लाल खूण, मला मधल्या सुट्टीत वरून, "काहून बे, सरांचा पोट्टा असून ऱ्हस्व-दीर्घ येत नाही?" वक्तृत्वात नंबर आला तर भाषण घरून लिहून आणलेलं, नाही आला तर सरांचं नाक कापलं.

उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की शेवटच्या तासाला बाबा 'श्यामची आई' वाचत. दहा वाजताच बाहेर ऊन रणरणायचं आणि वर्गातला एकुलता एक पंखा नुसता कुरकुरायचा. साने गुरुजींनी यातलं बहुतेक पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं, हे बाबा दरवर्षी नव्यानं सांगत. आठवडाभर निबंध लटकवून ठेवणाऱ्या आम्हाला त्यातले 'पाच दिवस' तेवढे लक्षात राहत.

मला मात्र त्या श्यामचा राग यायचा. जो तो उठून म्हणणार, श्यामसारखं वाग. पण कान देऊन ऐकलं तर श्याम आमच्यापेक्षा वेगळा नव्हताच. पोहायला जावं लागू नये म्हणून लपून बसतो, पुस्तकापायी चोरी करतो, मामांच्या घरून पळूनही जातो. एवढं करून लोक त्यालाच गुणी म्हणतात! त्याचं बरं होतं, त्याची आई त्याच्या वर्गावर शिकवायला नव्हती.

या पुस्तकात प्रकरणाला 'रात्र' म्हणतात. बाबांची आवडती रात्र 'अळणी भाजी'. आई भाजीत मीठ घालायला विसरते, श्यामचे वडील, म्हणजे भाऊ, ती काही न बोलता खातात, आणि ते बोलत नाहीत म्हणून पोरंही बोलत नाहीत. हे वाचताना बाबांचा आवाज बदलायचा. पुस्तक आईचं असलं तरी ती रात्र भाऊंची आहे, असं मला तेव्हाही वाटायचं. आजही वाटतं.

पुस्तकात रात्री बेचाळीस. बाबा त्यातल्या एका रात्रीपाशी दरवर्षी थांबत. 'अब्रूचे धिंडवडे' आलं की पुस्तक मिटायचं. "हे तुम्ही घरी वाचा." घरी ते कोण वाचतं! मी आठवीत सीताबर्डीच्या वाचनालयात जाऊन वाचलं. कर्जापायी श्यामच्या घरावर जप्ती येते, गावात जाहीर पुकारा होतो, आणि भाऊंना मान वर करायला जागा उरत नाही.

आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इतवारीहून एक गृहस्थ येत. ओसरीवर बसत, आई चहा ठेवी, आणि बाबा मला हमखास कोपऱ्यावरून पान आणायला पिटाळत. पानाला इतका वेळ का लागला, असं त्यांनी मला कधीच विचारलं नाही. आत्याच्या लग्नाचं कर्ज होतं ते. वाचनालयातून चालत घरी येताना माझ्या डोक्यात हे सगळं जुळलं. पुढच्या महिन्यात ते गृहस्थ दिसताच, बाबांनी सांगायच्या आधीच मी चपला घातल्या. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या विषयावर आम्ही शेवटपर्यंत बोललो नाही.

त्या वर्षी वर्गात 'अळणी भाजी' लागली तेव्हा मी खाली मान घालून बाकावरचं नाव कोरत बसलो. कोणाचं ते सांगत नाही, त्या बाई आता आजी झाल्यात आणि ही स्मरणिका त्याही वाचतील.

गेल्या महिन्यात स्मरणिकेसाठी बाबांचा फोटो द्यायला शाळेत गेलो होतो. पानठेला राहिला नाही, तिथं झेरॉक्सचं दुकान आहे. कार्यालयातल्या तरुण क्लार्कनं नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं आणि सवयीनं जरा थांबलो. त्यानं मान न उचलता विचारलं, "बॅच कोणती, काका?"