फोर्क नवीन का होते, हे मी विचारलं नव्हतं

"ताई, जुनी क्रूझर बघितलीय. भरवशाची आहे का, कसं ओळखायचं?" आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी हे विचारतं. क्रूझर म्हणजे बुटक्या सीटची, मागे रेलून चालवायची मोटरसायकल. सोबत फोटो असतो. टाकी पुसून चकचकीत केलेली, मीटरवर सव्वीस हजार, मागे कुणाच्या तरी बंगल्याचं गेट. फोटोवरून सांगता येत नाही म्हटलं की माणसं नाराज होतात, मी मुद्दाम सांगत नाही असं त्यांना वाटतं. दोघा-तिघांनी तर तोंडावर म्हटलं, "तुम्हाला एवढं कळतं, मग तुमची कशी पडली?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी किलोमीटरचं, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. मी तो आकडा शेवटी बघते. मीटर बदलता येतो, जुन्या गाड्यांत तर केबल काढून ठेवली की काटा हलतच नाही. फूटरेस्टचं आणि गिअर लिव्हरचं रबर बदलायचं मात्र सहसा कुणाला सुचत नाही. मीटर सव्वीस हजार म्हणतोय आणि रबर गुळगुळीत झालंय, तर मी रबरावर विश्वास ठेवते. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. 3217 म्हणजे 2017 सालचा बत्तिसावा आठवडा. गाडी 2017ची, "दहाच हजार चाललीय" असं मालक म्हणतोय आणि दोन्ही टायर 2021चे, तर पहिले टायर कुठे झिजले ते त्याला विचारा.

इंजिन थंड असताना जा. "या, सुरू करूनच ठेवलीय" असं कुणी म्हटलं तर चहा घ्या, गप्पा मारा, तास-दीड तास जाऊ द्या आणि मग स्वतः सुरू करा. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय. सकाळच्या गारठ्यात पहिली दोन मिनिटं पांढरी वाफ येते, तिला भिऊ नका. पण खरं सांगू? इंजिनावर मी फार बोलत नाही. बिघडलं तरी बोअर-पिस्टन नवं होतं, क्लच प्लेट होतात, टायमिंग चेन होते. पैसे जातात, मनस्ताप होतो, पण माणूस घरी येतो.

माझी उंची पाच फूट एक इंच. बजाजच्या अव्हेंजर या क्रूझरच्या सीटची उंची साडेसातशे मिलिमीटरपेक्षा कमी. मला क्रूझरच का हवी होती, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. दुसऱ्या कुठल्याही मोठ्या गाडीवर सिग्नलला माझा एकच पाय टेकायचा, तोही चवड्यावर. 2005 साली अव्हेंजर बाजारात आली तेव्हा मी कॉलेजात होते. त्या दिवसापासून मनात होती आणि 2018 साली हातात पैसे आले. 2011चं मॉडेल, 220 सीसीचं इंजिन, एकतीस हजार किलोमीटर, किंमत अडतीस हजार. विकणारा ओळखीतल्यांच्या ओळखीचा. त्याचं नाव लिहिणार नाही, आणि का ते पुढे कळेल.

गाडी बघायला मी आप्पांना घेऊन गेले होते. आप्पांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. ते गाडीवर बसले नाहीत. समोर सात-आठ पावलांवर उभे राहिले, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हँडल डावीकडं गेल्यागत दिसतंय गं."

मी म्हटलं, "आप्पा, ते स्टँडवर आहे म्हणून."

साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते, हे खरंच आहे. माझं वाक्य चुकीचं नव्हतं. पण गाडी सरळ उभी करून पुन्हा बघावं, एवढंही मी केलं नाही. विकणारा म्हणाला, "फोर्क दोन्ही नवीन टाकलेत, बघा की, एक ओरखडा नाही." पुढचं चाक धरणारे ते दोन दांडे मी वाकून बघितले. खरंच, क्रोम आरशासारखं. बाकी गाडी सात वर्षांची दिसत होती आणि फोर्क सात दिवसांचे. मला आनंद झाला. जास्तीचं काहीतरी मिळतंय असं वाटलं. घरी येताना आप्पा एवढंच म्हणाले, "दोन दिस थांब. पळून न्हाई चालली गाडी." मी दुसऱ्याच दिवशी पैसे दिले.

एकटी चालवताना पाच महिने काही कळलं नाही. हँडल थोडं ओढायचं, तेवढं मी हातानेच सांभाळायचे आणि पुढे सांभाळतेय हेही विसरले. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, एकदा आवळून घेतला.

मग निपाणीला लग्न होतं. आप्पा म्हणाले, एसटीने जाऊ. मीच हट्ट केला. आयुष्यभर तुम्ही लोकांना नेलंत, आज मी नेते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हा माझा नियम होता, त्यांनीही कुरकुर न करता घातलं. कागलच्या अलीकडे, हायवे अगदी सरळ, ऊन पडलेलं, रस्ता कोरडा, वेग सत्तर. समोर ट्रक हळू झाला म्हणून मी ॲक्सिलरेटर सोडला आणि हँडल थरथरायला लागलं. आधी बारीक, मग माझ्या दोन्ही मुठींना हिसके बसतील इतकं. क्रूझरवर आपण मागे रेलून बसतो, मागे आणखी एक माणूस असला की पुढचं चाक हलकं होतं, हे मला आज माहीत आहे. अशा वेळी हँडल करकचून धरायचं नाही, पुढचा ब्रेक दाबायचा नाही, गाडीला आपोआप हळू होऊ द्यायचं, हेही आज माहीत आहे. तेव्हा मी पुढचा ब्रेक दाबला.

मला खरचटलं. आप्पांचा खुबा मोडला. रस्त्याच्या कडेला पडलेले असताना ते मला विचारत होते, "तुला लागलं का?" तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालतात, जिना चढत नाहीत. हँडलबद्दल त्यांनी त्यानंतर एक शब्दही काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीने टाकी उतरवली आणि मला हाक मारली. हँडल ज्या पाइपात फिरतं ती फ्रेमची मान. तिच्या मागे, टाकीखाली, वेल्डिंगची जाड ओबडधोबड रेघ होती, वरून लांबी (पुट्टी) भरून काळा रंग मारलेला. कंपनीचं वेल्डिंग असं नसतं, ते सारखं आणि बारीक असतं. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळल्यावर जिथे अडतं तो फ्रेमवरचा खुंट एका बाजूला चेपलेला होता. गाडी समोरून कशावर तरी जोरात आदळली होती. फोर्क वाकले म्हणून नवीन टाकले, मान वाकली ती तापवून ओढली आणि झाकली. यात कंपनीच्या गाडीचा काही दोष नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. टाकी उतरवून दाखवा म्हणा. दोन-चार बोल्टचं काम आहे, नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. गाडी सरळ उभी करून समोरून आणि मागून डोळा लावा. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा, मध्यावर खटकन अडकत असेल तर कोनसेट गेलाय. तुम्ही चालवत असताना दुसऱ्याला मागून यायला सांगा आणि दोन्ही चाकं एका रेषेत धावतात का ते त्याला बघू द्या. जुनी विम्याची पॉलिसी मागा. त्याच मालकाने दर वर्षी पूर्ण विमा काढूनही नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर आला असेल, तर नुकताच कधीतरी क्लेम झालाय. आमच्याकडे 2019च्या महापुरानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्याही विकायला आल्या. हेडलाइट उघडून वायरींच्या जोडांवर हिरवट गंज आणि कोपऱ्यात गाळ दिसला तर तिथूनच परत फिरा. आणि कुठलाही एकच भाग नवाकोरा दिसला तर आनंद मानू नका, जुना का काढला ते विचारा.

हे सगळं मला 2018 साली माहीत नव्हतं, असं म्हणणं सोयीचं आहे. अर्धं तरी माहीत होतं. टायर मी तपासले होते, धूर बघितला होता, मालकाशी दीड हजारासाठी घासाघीसही केली होती. हँडलकडे मात्र बघितलं नाही, कारण ते वाकडं निघालं असतं तर गाडी सोडावी लागली असती. तेव्हाच्या मला मी आज विचारते, तेरा वर्षं थांबलीस, दोन दिवस का नाही? ती म्हणते, तेरा वर्षं थांबले होते म्हणूनच. तिला काय सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही.

विकणाऱ्याला माहीत होतं का? मी फोन केला होता. तो म्हणाला, मी पण अशीच घेतली होती. कदाचित खरं असेल.

आणि गाडीचं पुढे काय झालं, हे मला कुणी विचारत नाही. फ्रेम बदलायची तर आरटीओची परवानगी, फ्रेमवर कोरलेल्या चॅसी नंबरचा घोळ, खर्च गाडीच्या किमतीएवढा. मी ती नऊ हजारांना एका गॅरेजला दिली. "सुटे भाग काढायला" असं ते म्हणाले, आणि त्यांनी पुढे केलेल्या 29 आणि 30 नंबरच्या कोऱ्या फॉर्मांवर मी सह्या केल्या. सुटे भागच काढायचे तर नावावर करायचे फॉर्म कशाला हवेत, हे त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं. घरी आप्पांचं औषधपाणी होतं, पैशांची गरज होती, ती अंगणातली गाडी डोळ्यांसमोर नको होती. मी विचारलं नाही.

वर्षभराने एका रात्री, गाडीच्या नोंदणीची माहिती दाखवणाऱ्या ॲपवर तिचा नंबर टाकून बघितला. मालकाच्या नावाची अक्षरं बदललेली होती. गॅरेजला गेले, तर "कधीच गेली, कुणाला ते आठवत नाही" म्हणाले. मी त्यांना फ्रेमचं सांगितलं होतं. त्यांनी पुढच्याला सांगितलं का, ते मला कळायला मार्ग नाही.

तो नंबर मी अजून अधूनमधून टाकते. मागच्या महिन्यात विम्याची तारीख पुढे सरकलेली दिसली.