चेंबरच्या बोल्टची गळती आणि स्टुटगार्टचं भाड्याचं गॅरेज

जर्मनीत, स्टुटगार्टला, आम्ही राहतो त्या इमारतीचं पार्किंग तळघरात आहे. फरशी करड्या रंगाची आणि इतकी लख्ख, की रुपयाएवढा तेलाचा डागसुद्धा लांबून दिसतो. इथे गाडी ऑइल गाळायला लागली की ती एकट्या गाडीमालकाची बाब राहत नाही. इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र येतं, डाग काढायचा खर्च भाडेकरूच्या माथी बसतो. आणि त्याहून मोठी चिंता असते ती दर दोन वर्षांनी होणाऱ्या सरकारमान्य तपासणीची. सगळे तिला 'ट्यूफ' म्हणतात. इंजिन नुसतं तेलकट दिसलं तर परीक्षक बहुधा तशी नोंद करून सोडतो, पण ऑइल ठिबकत असेल तर तो मोठा दोष धरला जातो. मग मागच्या नंबरप्लेटवरचा गोल शिक्का मिळत नाही आणि महिन्याच्या आत दुरुस्ती करून गाडी पुन्हा दाखवावी लागते. शिक्क्याचा रंग दरवर्षी वेगळा असतो आणि कोणता आकडा वर आहे त्यावरून महिना कळतो, त्यामुळे तपासणी चुकवलेली गाडी पोलिसाला चालता चालताही ओळखू येते.

आमची गाडी २००७ सालची फोक्सवॅगन गोल्फ. दुसऱ्या हातची घेतलेली, इंजिनाने ठणठणीत. तपासणीचा महिना जवळ आला आणि फरशीवर थेंब दिसायला लागले. खाली वाकून मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या, बोल्टच्या टोकाला काळा थेंब लोंबत होता. जुनं ऑइल काढतात ते हाच बोल्ट सोडून.

कोल्हापूरला उद्यमनगरात माझ्या मामाचं लेथचं वर्कशॉप आहे. त्याला फोटो पाठवला तर लगेच फोन आला. "आवळत बसू नगंस पोरी. आधी वायसर बघ, मग आटं बघ. आवळून गळती थांबत नसती."

हे वाक्य जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. गळती दिसली की पहिला हात पान्याकडे जातो. पण बोल्टचे आटे तेल अडवतच नाहीत. आट्यांचं काम फक्त बोल्टला वर ओढून धरायचं. तेल अडवतो तो वायसर, म्हणजे बोल्टच्या डोक्याखालची चकती. तो मऊ धातूचा असतो, पहिल्यांदा आवळताना थोडा दबतो आणि बोल्टचं डोकं व चेंबर यांच्यातली बारीकसारीक फट भरून काढतो. एकदा दबलेला वायसर दुसऱ्यांदा तितका नीट बसत नाही. फोक्सवॅगनच्या अशा गाड्यांना वायसर बोल्टलाच जोडलेला येतो, म्हणून दर ऑइल बदलाला अख्खा बोल्टच नवा घालायचा असतो. किंमत अगदी किरकोळ. आणि आवळायचा किती, तर ३० न्यूटन मीटर. म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण पंधरा किलोचा जोर. ताकदवान माणूस नकळत याच्या दुप्पट जोर लावतो, आणि चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असलं तर पोलादी बोल्ट त्याचे आटे ओरबाडून काढतो.

आता काम करायचं कुठे? रस्त्यावर किंवा उघड्या मातीवर ऑइल काढायला इथे बंदी आहे. तळघरात गाडी जॅकवर चढवलेली आमच्या व्यवस्थापनाला चालत नाही, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये हे तर कुठल्याही देशात खरं. यावर जर्मनीत एक फार चांगली सोय आहे: भाड्याचं गॅरेज. तासाच्या हिशोबाने लिफ्ट मिळते, गोटी पान्यांचा संच मिळतो, जळकं ऑइल गोळा करायचं भांडं मिळतं आणि अडलं तर सांगायला जाणता माणूस असतो. आमच्या भागातल्या अशा गॅरेजचे मालक साठीच्या पुढचे आहेत. गाडी वर घेताना लिफ्टचे चारही हात योग्य जागी टेकलेत की नाही हे ते स्वतः येऊन पाहतात, त्याशिवाय बटण दाबू देत नाहीत.

गाडी वर गेली तरी मी बोल्टला लगेच हात लावला नाही. चेंबरचा बोल्ट हा इंजिनाच्या अगदी तळाशी असतो. वरून कुठूनही गळलेलं तेल, मग ते फिल्टरच्या रबरी रिंगेतून असो की वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून, घरंगळत याच जागी येतं आणि इथूनच थेंब पडतो. गाडी पळताना वारा ते आणखी मागे ढकलतो. म्हणून आधी ब्रेक क्लीनर मारून चेंबर, फिल्टर आणि आजूबाजूचा सगळा भाग धुतला, कोरड्या फडक्याने पुसला आणि त्यावर लहान मुलांची टाल्कम पावडर शिंपडली. मग स्टुटगार्टच्या चढांवरून एक मोठी चक्कर मारून परत आले. गाडी वर घेतली तेव्हा फिल्टरभोवती पावडर पांढरी स्वच्छ होती, चेंबरच्या वरच्या कडेलाही स्वच्छ होती. फक्त बोल्टच्या डोक्याखाली एक काळपट अर्धचंद्र उमटला होता. आता शंका उरली नाही.

चक्करीमुळे ऑइल कोमट झालंच होतं. तसंच ते काढावं, लवकर आणि नीट निथळतं. फार गरम असेल तर हात भाजतो. बोल्टच्या डोक्याच्या कडा आधीच गोल झालेल्या होत्या. १९ नंबरची सहा कोनांची गोटी ठोकून बसवली तेव्हा कुठे तो सुटला. बाहेर आला तो आट्यांच्या खाचांमध्ये चंदेरी कीस घेऊन. तो कीस चिमटीत धरून उजेडात पाहिला: अ‍ॅल्युमिनियम. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी लांब पाना लावून हा बोल्ट जिवाच्या आकांताने आवळला होता, बहुधा एकाहून जास्त वेळा. नवा बोल्ट हाताने लावून पाहिला तर शेवटच्या फेऱ्यांना तो नुसताच फिरायला लागला. आटे गेले होते.

गॅरेजच्या मालकांनी टॉर्च लावून भोक पाहिलं आणि तीन वाटा सांगितल्या. एक, जाड बोल्ट, जो स्वतःच नवे आटे पाडत आत जातो. दोन, भोक मोठं करून, टॅप मारून, म्हणजे आत नवे आटे पाडून, त्यात पोलादी बुश बसवायचा, ज्याच्या आत मूळ मापाचे आटे असतात. तीन, नवं चेंबर. पहिल्या वाटेला त्यांनी नकारार्थी मान हलवली. असा बोल्ट किंचित तिरका गेला तरी वायसर एका बाजूला टेकतो आणि गळती कायम राहते. शिवाय पुढच्या वेळी चेंबरला तडा जायची भीती. मामाचंही हेच मत पडलं. मी बुश निवडला.

बुश बसवताना खरी काळजी असते किसाची. चेंबर खोलून टेबलावर घेणं सगळ्यात उत्तम. गाडीवरच करायचं तर ड्रिल आणि टॅप दोन्हींना घट्ट ग्रीस फासावं लागतं, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मधूनच बाहेर काढून पुसायचा, पुन्हा ग्रीस. ड्रिल काटकोनात धरायचं काम मालकांनी स्वतः केलं, टॅप मी मारला. भोकाच्या तोंडाशी बुशाची कड बसायला बारीक खाच पाडावी लागते. ती कड चेंबरच्या पातळीच्या वर राहिली तर वायसर बुशावर टेकतो, चेंबरवर नाही, आणि मग सगळी मेहनत पाण्यात. बोट फिरवून पाहिलं, कुठेही अडकलं नाही. बाहेरच्या आट्यांना लॉक करणारं द्रव्य लावून बुश घट्ट केला आणि ते सुकेपर्यंत थांबले. मग वरून स्वस्त ऑइल ओतून, खालचं भोक उघडं ठेवून, ते वाहू दिलं. पहिल्या धारेत दोन-चार चकाकते कण आले. धार स्वच्छ होईपर्यंत ओतत राहिले. इथे कंजुषी करू नये, कारण राहिलेला कीस ऑइल पंपाच्या दिशेनेच जातो.

नवा बोल्ट आधी बोटांनीच शेवटपर्यंत फिरवला. मग टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर आला की आवाज करणारा पाना, ३० वर लावला आणि 'टक' आवाज आला तिथे थांबले. नवा फिल्टर, चार-साडेचार लिटर ऑइल, दांडीवर पातळी, इंजिन चालू करून पुन्हा खाली नजर. कोरडं.

जळक्या ऑइलचं काय करायचं, याचं उत्तर जर्मनीत कायद्यानेच दिलंय. ज्या दुकानातून नवं ऑइल घेतलं, त्या दुकानाने तेवढंच जुनं ऑइल फुकट परत घ्यायचं. ऑइल बदलताना निघालेला फिल्टर आणि तेलकट फडकीसुद्धा. म्हणून ऑइलचं बिल जपून ठेवावं, ते दाखवावं लागतं. भारतातही १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम लागू झाले आहेत, पण आपल्याकडे अजून कित्येक घरांत ते वाळवीसाठी चौकटींना फासतात, गटारात ओततात. त्यात धातूचे बारीक कण आणि जळालेले घातक घटक असतात, ते कातडीतूनही शरीरात जातात. हात धुवून विषय संपत नाही; हातमोजे घालाच, आणि गॅरेजवाल्याला विचारा की तो हे ऑइल कुणाला देतो.

तपासणीच्या दिवशी परीक्षकाने खालून टॉर्च फिरवला, बोल्टपाशी क्षणभर थांबला, बोटाने चाचपलं आणि पुढे ब्रेककडे गेला. शिक्का मिळाला. पुढच्या ऑइल बदलासाठी वायसरसकट नवा बोल्ट आत्ताच आणून डिकीत ठेवलाय, आणि मापाची चिठ्ठी त्याच पुडीत घातलीय: बोल्ट एम १४, जोर ३० न्यूटन मीटर.