दमा, सुट्ट्या आणि नोकरीची धाकधूक

दमेकऱ्याची मोठी पंचाईत ही की तो सकाळी दहा-अकराला धडधाकट दिसतो. छाती आवळते ती पहाटे तीन-चारला. मग उशा रचून टेकून बसायचं, पंप घ्यायचा, परत बसायचं, आई उठून पाणी गरम करते, बायको पाठीवरून हात फिरवत बसते आणि उजाडलं की हळूहळू श्वास सुटायला लागतो. म्हणजे लोकं ज्या वेळेला बघणार त्या वेळेला अंगावर दाखवायला काहीच नाही, प्लास्टर नाही, पट्टी नाही, तापसुद्धा नाही. श्वासनळ्या आवळतात आणि औषधानं परत मोकळ्या होतात, आजारच तसा आहे. पण रात्रभर जागलेला माणूस दुपारी बारा वाजता व्हॉट्सॲपवर ऑनलाइन दिसला की ऑफिसात काय बोललं जात असेल हे मला घरात बसून ऐकू येतं.

मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला एका मशीन शॉपच्या स्टोअरला आहे. इन्वर्डचं काम, म्हणजे फौंड्रीतनं कास्टिंग, लोखंडाचे ओतीव भाग, येतात ती उतरवून घ्यायची, मोजायची, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद करायची. कास्टिंग कितीही साफ करून पाठवली तरी कोपऱ्याकोपऱ्यात वाळू असतेच, टेम्पोतनं क्रेट खाली आपटला की बारीक काळी धूळ वर उठते आणि ती उन्हाच्या तिरपीत मस्त दिसते, पाच मिनिटं तशीच तरंगत राहते. आपलं कोल्हापूर या फौंड्र्यांवरच तर उभं राहिलंय, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, त्यामुळे धुळीला नावं ठेवून मी जाणार कुठं. घरी येऊन बघावं तर तिथंही हंगाम ठरलेले. जुलै-ऑगस्टला भिंतींना ओल येते, कपाटामागं बुरशी धरते. दिवाळीच्या आसपास भातमळणीचा भुसा. मग गळीत हंगाम सुरू झाला की पाचट पेटवतात, गुऱ्हाळं पेटतात, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीच्या काळ्या काड्या येऊन पडतात. गुऱ्हाळावरचा तो वास मला लहानपणापासून जीव की प्राण, आणि आता तोच वास आला की हात आधी खिशातल्या पंपाकडं जातो.

तर सुट्ट्या होतात. सलग पंधरा दिवस कधीच नाही, दोन दिवस, मग तीन आठवडे बरे, परत तीन दिवस, असं. आणि मला आता पटलंय की नोकरीच्या दृष्टीनं हीच सगळ्यात वाईट सुट्टी. एखाद्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर घरी बसला तर सगळे बघायला जातात, शहाळं घेऊन जातात, त्याच्या जागी दुसरा माणूस लावला जातो. माझ्यासारख्याचं काय, तर सकाळी साडेसातला मेसेज, आणि सुपरवायझरची गाडी आधीच गेटवर उभी. फोनवर ते चिडत नाहीत, चिडले असते तर बरं वाटलं असतं. "बरं बरं, तब्येत बघ. पण आज दोन गाड्या हायत, दुपारनं तरी येतोस काय बघ की." बस एवढंच. पण मागच्या महिन्यात मीटिंगमधे हजेरीचा कागद फिरला त्यात माझ्या नावासमोर पिवळा मार्कर होता, कोण काय बोललं नाही, मीही नाही. त्या दिवसापासून झोप उडालीय ती दम्यानं किती आणि त्या मार्करनं किती हे मला सांगता येणार नाही.

म्हणून बसून कायदा वाचून काढला. फॅक्टरी ॲक्टमधे, 1948 चा तो, नोव्हेंबर 2025 ला नव्या कामगार संहिता येईपर्यंत चालू होता, वर्षात 240 दिवस भरले की 20 दिवसांमागं 1 दिवस भरपगारी रजा होती. आजारपणाची वेगळी रजा त्यात नव्हती, ते सगळं ईएसआयवर, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेवर सोडलेलं. ईएसआयमधे आजारपणात सरासरी पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस, आणि त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या हिशोबात 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ऐकायला चांगलं आहे आणि टीबी झालेल्या, हाड मोडलेल्या माणसाला ते खरंच तारतं. पण पहिले 2 दिवस त्यात धरत नाहीत! आधीचं आजारपण संपून 15 दिवसांच्या आत परत पडलात तरच ते दोन दिवस माफ. आता दमेकऱ्याची सुट्टीच दोन-तीन दिवसांची असते, मग हातात काय आलं? योजना करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर एकदा पडून राहणारा पेशंट होता, वारंवार पडणारा नव्हता, असं माझं स्पष्ट मत झालंय.

आणि माझ्या बाबतीत तर तेही नाही. पगार महिना 21,000 च्या वर गेला की ईएसआय नाही. माझं इन्क्रिमेंट झालं तेव्हा घरी पेढे आणले होते, त्याच पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात बंद झालेली. 1948 च्या जुन्या ईएसआय कायद्याचं कलम 73 असं होतं की आजारपणाचा लाभ चालू असताना मालकानं कामावरून काढायचं नाही. पण लाभ चालू असेल तर, आणि मी तर त्या योजनेच्याच बाहेर. अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत त्यात दमा नाही. आणि 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात, तोही 2025 पर्यंतच होता, एक ओळ वाचली ती डोक्यातनं जात नाही, सततच्या आजारपणामुळं काढलं तर ती छाटणी धरत नव्हते, म्हणजे छाटणीचं संरक्षणही नाही. किती आजारपण म्हणजे सतत, हे त्या ओळीत नव्हतं.

हे सगळं वाचल्यावर माणूस काय करतो, तर अर्धवट बरा असताना कामावर जातो. आमच्यात सगळे हेच करतात. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना तर पर्यायच नाही, हजेरी नाही तर पगार नाही, एक पोरगा मास्कच्या आत खोकत क्रेट ओढत असतो आणि विचारलं की "काय न्हाई, घसा धरलाय" म्हणतो. मला त्याच्याकडं बघवत नाही. कारण त्यातला धोका आता मला कळतो. ॲटॅक आल्यावर डॉक्टर पाच-सात दिवसांची स्टेरॉइडची गोळी देतात, दुसऱ्याच दिवशी श्वास मोकळा वाटतो, पण नळ्यांची आतली सूज अजून असतेच. त्या अवस्थेत परत धुळीत उभं राहिलं की पुढचा ॲटॅक जवळ येतो. म्हणजे एक सुट्टी वाचवायला जायचं आणि पुढच्या तीन ओढवून घ्यायच्या. सुट्टीच्या भीतीनंच सुट्ट्या वाढतात, हे मला कंपनीतल्या प्रत्येक साहेबाला समोर बसवून सांगायचंय.

रोजचा पंप कधी चुकवायचा नाही हे आमच्या डॉक्टरांनी डोक्यात बसवलंय. निळा पंप तेवढ्यापुरता श्वास सोडवतो, सूज उतरवतो तो रोजचा, इनहेल्ड स्टेरॉइडचा. "पंपाची सवय लागते" म्हणून तो सोडून देणारी माणसं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत, तसं काही नसतं हो, त्यातला डोस फार कमी असतो, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. दुसरं म्हणजे डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजायचं, घ्यायला लावलंय. प्लास्टिकची नळी, जोरात फुंकायचं, काटा सरकतो. आपला चांगल्या दिवसाचा जो सगळ्यात जास्त आकडा त्याच्या 80 टक्क्यांच्या वर असलं तर हिरवं, 50 ते 80 पिवळं, खाली लाल. मी सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितो, आणि लिहायला लागल्यावर दिसलं की आकडा ॲटॅकच्या एक-दोन दिवस आधीच घसरायला लागतो. म्हणजे साडेसातच्या मेसेजऐवजी आदल्या दिवशी संध्याकाळी सांगता येतं, साहेब, उद्याचं नक्की नाही, गाडीला माणूस ठेवा.

या आठवड्यात मी अर्ज दिला. वहीच्या पानांची झेरॉक्स, डॉक्टरांचं पत्र, आणि एवढंच मागणं की नोव्हेंबर ते मार्च मला इन्वर्डवरून काढून आत बिलिंगला बसवा, तिथला माणूस इन्वर्डला यायला तयार आहे, मी त्याच्याशी आधीच बोललोय. पगार तोच राहू दे, वाढवून मागत नाही. आई म्हणाली, "कशाला कागदावर आणतोस, उगाच डोळ्यावर येशील." तिची काळजी मला कळते, बाबांच्या मिलच्या नोकरीचं काय झालं ते तिनं बघितलंय. पण डोळ्यावर मी त्या मार्करनं आलोच आहे, आता निदान माझ्या नावासमोर कारण तरी लिहिलेलं असू दे. एचआरच्या मॅडमनी अर्ज घेतला, वही दोनदा उलटून बघितली, आणि रोज सकाळी फुंकता काय म्हणून विचारलं. हो म्हटलं. सोमवारी प्लांट हेडसमोर ठेवते म्हणाल्या.